तुळशीभोवतीची खडी

कलकत्त्याच्या जमिनीत दगड नाही, हे मला तिथे राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी कळलं. कुदळ मारा, फावडं मारा, खाली नुसता गाळ. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे मेथीचा वाफा करायचा म्हटलं तरी आधी पाटीभर धोंडे वेचून काढावे लागत, आणि त्या धोंड्यांना शिव्या देतच माझं लहानपण गेलं. इथे दगड आगगाडीच्या वाघिणींतून बिहारकडून यायचा. हावड्याला एका व्यापाऱ्याच्या आवारात त्याचे ढीग लागलेले असत. काळी खडी, तांबडा मुरूम, नदीतले गुळगुळीत गोटे आणि फोडलेली पांढरी गारगोटी. ज्याला दगड परवडत नसे तो भाजलेल्या विटांचे तुकडे वापरी. त्याला तिकडे खोआ म्हणतात. सियालदहच्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला बसून दिवसभर विटा फोडत असत. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. ट्राममधून मला त्या दिसायच्या आणि मी मान फिरवायची.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी ह्यांची तिकडे बदली झाली. कचेरी खिदिरपूरला गोदीजवळ आणि बिऱ्हाड बालीगंजच्या बाजूला, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. घरात माणसं तीनच. हे, मी आणि सासूबाई. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती. धाकटे दीर पुण्याला कॉलेजात शिकत होते. घरापुढे अंगण होतं, अंगणात मधोमध विटांच्या कट्ट्यावर तुळस, आणि ते अंगण म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता.

रोज सकाळी पलीकडच्या खटालातून, म्हणजे बिहारी गवळ्यांच्या गोठ्यातून, शेण आणायचं, सडा घालायचा आणि मग सासूबाई रांगोळी काढणार. साताऱ्याला हे ठीक. तिथली जमीन पाणी पिते. इथली माती एवढी चिकट की सडा घातला की चिखल, आणि न घालावा तर सासूबाईंचा चेहरा. स्वयंपाकघर त्यांचं, देवघर त्यांचं, अंगणही त्यांचंच. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्या घरात माझं म्हणावं असं एक ट्रंक सोडून काही नव्हतं. सासूबाई वाईट होत्या असं मुळीच नाही. त्या कमी बोलत, आणि कमी बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

एकदा ह्यांच्या साहेबांकडे अलीपूरला चहाला गेलो होतो. साहेब मद्रासी, पण बंगला कुणा गोऱ्याने सोडून दिलेला. फाटकापासून पायरीपर्यंत आणि फुलझाडांच्या कडेकडेने पांढरी शुभ्र खडी पसरलेली. चिखल नाही, शेण नाही, तण नाही. वर लाल कर्दळ आणि ठिपक्याठिपक्यांची क्रोटन. पाऊल टाकलं की करकर आवाज व्हायचा. साहेबांच्या बायकोने माझ्याशी काय गप्पा मारल्या ते मला आठवत नाही. मी मनात आमचं अंगण मोजत होते.

त्यानंतर महिनाभरात पुण्याहून पत्र आलं. दिरांच्या थुंकीतून रक्त पडलं होतं. क्षय. तेव्हा हा शब्द घरात मोठ्याने उच्चारत नसत. त्यांना एका आरोग्यधामात ठेवलं होतं, तिथे घरच्यांना राहता येत नव्हतं, आणि सासूबाईंना एकटीला एवढ्या लांब पाठवायला हे तयार नव्हते. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला काशीला तरी जाऊ दे." कलकत्त्यात दोन पिढ्या राहिलेलं एक मराठी कुटुंब काशीला निघालं होतं, त्यांच्याबरोबर त्या पंधरा दिवसांसाठी गेल्या.

आणि त्या पंधरा दिवसांत मी अंगण केलं.

हे सांगताना मला आजही सारवासारव करावीशी वाटते. आईंना चिखलाचा त्रास होतो, पाय घसरला तर काय घ्या, असं मी ह्यांना म्हटलं होतं. ह्यांचं सगळं लक्ष भावाकडे. "कर तुला हवं ते," म्हणाले. हौसेला मोल नाही म्हणतात, तसं माझं झालं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक ओडिया माळी यायचा, वयस्कर, कमरेत वाकलेला. त्याला घेऊन मी हावड्याला गेले. त्याने नदीतले गोटे दाखवले, करडे, मळकट रंगाचे, अंड्यासारखे गुळगुळीत. मी नाक मुरडलं आणि गारगोटीच्या ढिगाकडे बोट केलं. उन्हात ती खडीसाखरेसारखी चमकत होती.

माळी खाली बसला, एक खडा उचलून त्याने तळहातावर घासला. "मा, इसमें धार है," तो म्हणाला. "बूढ़ी मा तो खाली पैर चलती हैं."

"चप्पल पहनेंगी," मी म्हटलं.

त्याने खडा परत ढिगावर टाकला. आमच्या सोवळ्याओवळ्यातलं त्याला काय कळणार, असं मी तेव्हा धरून चालले. खरं म्हणजे त्यालाच कळलं होतं.

काम मात्र आम्ही नीट केलं. तिथल्या मातीवर नुसती खडी टाकली तर एका पावसाळ्यात ती गाळात बुडते. म्हणून आधी वीतभर माती उकरली, खाली खोआ घालून धुमसाने चोपून बसवला, कडेने उभ्या विटांची दातेरी किनार केली आणि वर चार बोटं जाड पांढरी खडी. भिंतीशी कर्दळ, कोपऱ्यात क्रोटन. माळी म्हणत होता, तुळशीभोवती थोडी जागा मातीचीच ठेवू. मला ते पटेना. मध्येच मातीचा पट्टा दिसला की सगळी शोभा गेली. मी खडी थेट कट्ट्याला भिडवली. शेवटची पाटी ओतून झाली तेव्हा मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मला रडू आलं, इतकं ते सुंदर दिसत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं.

सासूबाई परत आल्या त्या आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी. टॅक्सीतून उतरल्या, फाटकात थांबल्या, अंगणाकडे बघितलं.

"छान दिसतंय," म्हणाल्या.

मग पाय धुऊन आत आल्या, देवापुढे गंगेचा गडू ठेवला आणि ह्यांना सांगितलं, "विश्वनाथापुढे बोलून आलेय. या चातुर्मासात तुळशीला लक्ष प्रदक्षिणा घालणार. पोर उठू दे."

एक लक्ष. चार महिन्यांत रोज साडेआठशेच्या आसपास. सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, काही न खाता. मोजायला जपमाळ. एकशेआठ मण्यांची एक माळ झाली की शंभर धरायचे, वरचे आठ चुकलेमाकल्याचे. सोवळ्यात चामड्याची चप्पल चालत नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच घरात सहा वर्षं सोवळ्यातलं पाणी भरत होते.

एकादशीला सकाळी त्या अंगणात उतरल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पहिल्या पावलाला त्या थांबल्या. दुसरं पाऊल त्यांनी तळवा न टेकता, बोटांवर टाकलं. मग चालायला लागल्या. साहेबांच्या बंगल्यात मला आवडलेला तो करकर आवाज आमच्या अंगणात दोन तास चालू होता. त्या आत आल्या तेव्हा मी विचारलं, "आई, टोचत असेल ना?"

"टोचतं तर. व्रत म्हणजे थोडं सोसायचंच असतं."

हे वाक्य मी परवान्यासारखं जपून ठेवलं. बाईच म्हणतेय सोसायचं असतं, मग मी कोण मध्ये पडणारी? त्यांनी एकदा नुसतं म्हणावं, "अगं, तेवढी तुळशीपुढची खडी काढ." मी काढली असती. असं मी स्वतःला रोज सांगायची. त्या मूग गिळून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या तोंडून ते वदवून घ्यायला टपले होते. का, ते आता इतक्या वर्षांनी बघितलं की लाज वाटते. त्यांनी मागितलं असतं तर अंगण माझं आहे हे त्यांनी कबूल केल्यासारखं झालं असतं. बस्स, एवढंच.

ह्यांना दिसत नव्हतं असं नाही. ह्यांनी काय करावं, तर कालीघाटाहून लाकडी खडावा आणल्या. सोवळ्यात खडावा चालतात. पण खडीवर त्या डुगडुगायच्या. सासूबाईंचा पाय दुसऱ्याच फेरीला मुरगळला आणि त्यांनी खडावा काढून कट्ट्याशी ठेवल्या. मग हे म्हणाले, तुळस कुंडीत लावून व्हरांड्यात आणू. सासूबाई म्हणाल्या, ज्या तुळशीपुढे संकल्प सोडला ती हलवायची नाही. त्यावर हे माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा," आणि कचेरीला निघून गेले. पुरुषांचं हे बरं असतं.

माळ्याने दोनदा विचारलं. "मा, थोड़ा हटा दूं? बस इतना," असं म्हणून त्याने फावड्याने हवेत तुळशीभोवती एक गोल काढून दाखवला. मी म्हटलं, "बूढ़ी मा बोलेंगी तब." त्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि कर्दळीकडे गेला.

श्रावणात पांढरी खडी हिरवी व्हायला लागली. तिथली हवाच तशी. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर उघड्यावरच्या दगडाचं काय. मग मला नवीन उद्योग लागला. दुपारी मी टोपलीने खडी उचलायची, बादलीत टाकायची, काथ्याने घासायची, धुऊन परत पसरायची. आज हा कोपरा, उद्या तो. एकेक खडा हातात घेऊन त्याच्या खाचेतलं शेवाळ मी काडीने काढलंय. तेव्हाच कधीतरी तुळशीजवळच्या काही खड्यांवर तांबूस डाग दिसले. कुंकवाचे असतील असं म्हणून मी तेही घासले. त्या तुळशीला कुंकू वाहिल्यावर ते कट्ट्यावर पडतं, खाली पडत नाही, हे मला कळत होतं.

दरम्यान आरोग्यधामातून पत्रं येत होती. कधी ताप उतरला, कधी परत चढला. नवी इंजेक्शनं सुरू केली होती. पत्र आलं की हे वाचून दाखवायचे, सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि ताप चढल्याचं असलं की दुसऱ्या दिवशी एक माळ जास्त घालायच्या. त्यांचा सगळा जीव त्या आकड्यात होता. पन्नास हजार झाले त्या दिवशी त्यांनी शिरा करायला सांगितला. साठ झाले. मला वाटायला लागलं, होतंय की पुरं. एवढं काही लागत नसणार. रात्री त्या पायाला एरंडेल चोळायच्या, ते पाठमोऱ्या बसून. मी कधी पुढे जाऊन पाय बघितला नाही.

आश्विन आला. गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेचा मांडव उभा राहिला, ढाक म्हणजे तिकडचे मोठे ढोल वाजायला लागले. अष्टमीच्या सकाळी सासूबाई तिसऱ्या माळेला खाली बसल्या. बसल्या म्हणजे कट्ट्याला धरून हळूहळू टेकल्या आणि मला हाक मारली. मी धावत गेले. डावा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, गरम, आणि करंगळीखाली जखम. जुनी जखम. तिच्यात गारगोटीचा एक बारीक कपरा होता आणि वर मांस वाढलेलं.

वरच्या मजल्यावरचे बंगाली डॉक्टर आले. म्हातारे, मृदू बोलणारे. त्यांनी लघवी तपासायला नेली, संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, साखर आहे, बरीच, केव्हापासूनची असेल कोण जाणे. मग माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, "घर में किसी ने पैर नहीं देखा? इतने दिन?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात करंगळी काढावी लागली. आता जमिनीवर पाय टेकायचा नाही, दोन महिने.

एकाहत्तर हजार झाल्या होत्या. एकोणतीस हजार राहिल्या होत्या आणि कार्तिकी एकादशीला महिना उरला होता. सासूबाईंना पायाचं काही वाटत नव्हतं. पलंगावर पडल्या पडल्या त्या बोटांवर दिवस मोजत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सासरे गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या, असं हे म्हणाले. मला वाटलं, आता त्या मला बोलतील. बोलाव्यात, चांगलं तोंडसुख घ्यावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "उरलेल्या तू घालशील? घरातल्या माणसाने घातलेल्या चालतात. मी संकल्प तुझ्या हातावर सोडते."

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी सोडलं आणि जपमाळ दिली.

पलंग त्यांनी खिडकीशी ओढवून घेतला होता, तुळस दिसावी म्हणून. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, सोवळं नेसून, अनवाणी अंगणात उतरले. मी चोवीस-पंचवीस वर्षांची, धडधाकट. आतून वाटत होतं, बरं झालं, आता मलाही टोचू दे, फिटू दे काय ते. पहिल्या दहा फेऱ्या मी दात खाऊन घातल्या. विसाव्या फेरीला तळव्यात सुया गेल्यासारखं झालं. मी आधी कडेने, विटांच्या किनारीवरून चालून बघितलं, पण मग तुळस फार लांब राहत होती. पस्तीस. चाळीस. पन्नासाव्या फेरीला मी थांबले. टाचेतून रक्त आलं होतं. पन्नास. सासूबाईंच्या एका माळेचं निम्मंसुद्धा नाही.

मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. माळ कट्ट्यावर ठेवली, पदर खोचला, फावडं आणलं आणि तुळशीभोवतीची खडी ओढायला लागले. ती भराभर निघत होती. मी तिचा भिंतीशी ढीग केला. खाली खोआ चोपून सपाट बसलेला होता, त्यावर कर्दळीच्या वाफ्यातली चार घमेली माती आणून टाकली, पाणी मारलं, पायाने दाबली. दोन हात रुंद, मऊ, गोल वाट. माळी हवेत काढायचा तेवढीच. परत पाय धुतले, माळ उचलली आणि चालायला लागले. पाऊल कसं छान पडत होतं. चार फेऱ्या झाल्या, आणि पाचव्या फेरीला खिडकीसमोर आल्यावर मी वर बघितलं.

सासूबाई बघत होत्या. पहिल्यापासून बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अर्धा तास लागला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. देवघरातल्या घड्याळाकडे बघून त्यांनी ते सांगितलं, दूध तापायला किती वेळ लागला हे सांगावं तसं. मी उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "चाल, थांबू नकोस. ऊन चढेल."

मी चालले. एकोणतीस हजार फेऱ्या त्या मऊ मातीवरून घातल्या आणि एकही चुकवली नाही. कार्तिकी एकादशीला उद्यापन झालं. दीर पुढच्या वर्षी बरे होऊन घरी आले. हे म्हणायचे, इंजेक्शनांनी. सासूबाई वाद घालत नसत. पण घरी कुणी मराठी माणूस आलं की त्या त्याला सांगायच्या, "मला काही झेपलं नाही हो. शेवटच्या एकोणतीस हजार हिने घातल्या, म्हणून पोर उठलं." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मी चहा ठेवायला म्हणून आत जायची. सासूबाई यात टोमणा मारत नव्हत्या. मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

सगळी खडी मी त्याच हिवाळ्यात माळ्याकडून काढून टाकली. ती कुठे गेली ते मी विचारलं नाही. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या, जरा लंगडत चालायच्या. त्यांच्या पायाला तेल मीच लावायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तळवा बघत जा. एकदा तेल लावताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, तेव्हा तुम्ही मला सांगितलं का नाहीत? एका शब्दात काढली असती मी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली.

"आठ-दहा दिवस वाट बघितली मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या लक्षात येईल म्हणून. मग म्हटलं, देवाजवळ एक मागतेय, आता सुनेजवळ आणखी दुसरं कुठे मागू."

मी तेलाची वाटी जवळ ओढली आणि दुसरा पाय हातात घेतला.